झुरळापासून विषबाधेपर्यंत

पुस्तकात नऊ धडे होते. झुरळ, मुंगी, माशी, डास, ढेकूण, वाळवी, उंदीर, मग औषधं आणि सगळ्यात शेवटी विषबाधा. पुस्तक म्हणजे झेरॉक्स काढून स्पायरल घातलेली पानं, डाव्या बाजूला इंग्रजी, उजव्या बाजूला हिंदी, आणि चित्रं इतकी काळी आलेली की माशी कुठली आणि शाई कुठली ते समजू नये. दुबईतल्या रास अल खोरच्या आमच्या स्टोअरमध्ये फोरमनने ते आम्हा फवारणीवाल्यांना वाटलं, तेव्हा मी आधी शेवटचं पान उलटून आकडा बघितला. एकशे बारा. नववीतून शाळा सोडली त्याला सतरा वर्षं झाली होती. मळणी यंत्रात वडिलांचा हात गेला आणि त्यांच्या जागी मी उभा राहिलो, तेव्हापासून सलग चार पानं काही मी वाचलेली नव्हती.

फोरमन म्हणाला, आता फवारणीच्या प्रत्येक माणसाकडे कार्ड लागणार. कार्डासाठी परीक्षा, परीक्षा अबुधाबीला, अडीच महिन्यांनी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची तोंडी, हिंदीत. नापास झाला त्याने पंपाला हात लावायचा नाही, आणि पुन्हा बसायचं तर तीन महिने थांबायचं.

मी मनातल्या मनात व्हिसाचे महिने मोजले. माझं दीड वर्ष बाकी होतं. मग शेजारी उभ्या असलेल्या मामांचे मोजले. परीक्षेनंतर दोन महिन्यांनी त्यांचा व्हिसा संपत होता. कार्ड नसलेल्या माणसाचा व्हिसा कंपनी वाढवून देणार नव्हती. म्हणजे मला दोन-तीन वेळा पडायची सोय होती, मामांना एकदाही नाही.

मामा माझे सख्खे मामा नाहीत. आमच्या शेजारच्या तालुक्यातले, पन्नाशी ओलांडलेले. इथे सगळेच त्यांना मामा म्हणतात. मला या कंपनीत लावणारे ते, पंपाचा नोझल कसा धरायचा हे शिकवणारे ते, आणि आमच्या गाडीचे ड्रायव्हरही तेच. चौथीपर्यंत शिकलेले. मराठी अक्षर लावून लावून वाचायचे, हिंदी बोलायला पक्की पण पुस्तकातली कळायची नाही, इंग्रजीचा प्रश्नच नव्हता. ढेकूण झालेल्या खोलीत पाऊल टाकलं की दारातूनच सांगायचे, "खालच्या खाटंचा उजवा कोपरा बघ." तिथेच असायचे. हे त्यांना कुठल्या धड्यातून कळलेलं नव्हतं.

पुस्तक हातात आलं त्या संध्याकाळी त्यांनी ते माझ्या मांडीवर ठेवलं. "मास्तर, आता तू वाचायचं आनि मी ऐकायचं. गाडीत टाइमच टाइम हाय."

टाइम खरंच होता. आम्ही राहायला शारजाला, काम दुबईत. सकाळी निघालो की दोन्ही शहरांच्या मधल्या रस्त्यावर गाड्या अशा उभ्या असायच्या की माणूस उतरून चहा घेऊन परत यावा. दीड तास, कधी दोन. मामा स्टिअरिंगवर, मी शेजारी पुस्तक उघडून. मी हिंदी वाचायचो, मराठीत सांगायचो, आणि मामा ते आपल्या पद्धतीने जुळवायचे. त्यांना शाळेतलं एकच नीट आठवत होतं, पाढे. सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा ते. म्हणून त्यांनी झुरळाचाही पाढा केला, अंड्यांच्या कोषाला डबी म्हणून.

"झुरळाची डबी, डबीत तीस-चाळीस, डबी मादीच्या पाठी, फुटंस्तवर सोडत न्हाई. पिल्लू बिनपंखाचं, कात टाकीत वाढतं, दोन महिन्यात मोठं."

स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणायचे. मग मुंगी, मग माशी. मीही त्यांच्याबरोबर म्हणायला लागलो. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. त्या जॅममध्ये काचा लावून, एसीच्या घरघरीत दोन बाप्ये माणसं माशीची अंडी किती तासांत फुटतात ते सुरात म्हणतायत. एकदा शेजारच्या गाडीतला एक जण आमच्याकडे बघत राहिला. मामा म्हणाले, "त्याला वाटतंय आपन देवाचं म्हनतोय. म्हनू दे."

पण मधूनच कुणीतरी गाडी आडवी घालायचा. मामा ब्रेक मारायचे, त्याच्या सात पिढ्या काढायचे, मग विचारायचे, "कुठं हुतो?"

"डासावर."

"न्हाई, सूर तुटला. पहिल्यापास्नं घे."

आणि आम्ही परत झुरळापासून. दुसऱ्या दिवशीही सुरुवात झुरळापासूनच, कारण सुरात म्हणायचं तर सुरुवातीपासूनच म्हणावं लागतं. शारजातल्या आमच्या कामगार कॅम्पच्या गेटपासून झुरळ सुरू, मोठ्या पुलापाशी डास, आणि जॅम फार असेल त्याच दिवशी उंदरापर्यंत पोचायचो. औषधं आणि विषबाधा हे दोन धडे तर अपघात होऊन रस्ता बंद असायचा तेव्हाच आमच्या वाट्याला यायचे. तेव्हा मला हे दिसत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की मामांना झुरळ, मुंगी आणि माशी कानामात्रेसकट येतंय, आणि माझी काळजी कमी होतेय.

पुढच्या आठवड्यात शारजातल्याच एका फ्लॅटमध्ये झुरळांसाठी गेलो. मामा खाली गाडीत औषध भरत होते, मी वर किचनमध्ये. घर मराठी आहे हे दारावरच्या तोरणावरूनच कळलं होतं. मी सिंकखाली पाठीवर झोपून सांध्यांत औषधाचं जेल भरत होतो आणि तोंडाने पाढा चालू होता.

"काय पुटपुटताय?" घरातल्या बाईंनी विचारलं.

"काही नाही मॅडम. परीक्षा आहे."

"मॅडम शाळेत. घरात ताई म्हणा. कसली परीक्षा?"

त्या शाळेत अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवतात, हे त्यांनीच सांगितलं. परीक्षेचं ऐकून त्यांनी ओट्यावर टेकून मला तिथल्या तिथे विचारलं, "मग सांगा, ही जी माझ्या घरात आहेत त्यांची मादी अंडी कुठे ठेवते?"

मी सुरू केलं, "झुरळाची डबी, डबीत तीस-चाळीस..."

"तेवढं नको. कुठे ठेवते तेवढंच."

मी थांबलो. मला मनात पहिल्यापासून म्हणत त्या जागेपर्यंत जावं लागलं. उत्तर आलं, पण बराच वेळ गेला. ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्हाला पाठ आहे. पण आठवत नाही."

हे वाक्य मला त्या वेळी लागलं, समजलं मात्र नव्हतं.

त्यांची मुलगी बारावीला. मेडिकलच्या प्रवेशाची तयारी करत होती. किचनच्या कपाटांच्या दारांवर तिने चित्रं चिकटवली होती, मूत्रपिंड, हृदय, पानाचा उभा छेद, आणि सगळ्या नावांवर पिवळ्या चिठ्ठ्या डकवून नावं झाकलेली. जेल भरायला मला ती दारं उघडावी लागत होती म्हणून मी एकेक चित्र जपून बाजूला करत होतो. ती पाणी प्यायला आली, एका दारापुढे उभी राहिली, बोट ठेवून ओठातल्या ओठात नावं म्हणाली, मग चिठ्ठी उचलून बघितलं. दोन चुकली. तिने तोंड वाकडं केलं आणि निघून गेली. वाचत काही बसली नाही.

"ती पुस्तक मिटूनच अभ्यास करते," ताई म्हणाल्या. "उघडं ठेवून वाचलं की सगळं ओळखीचं वाटतं. ओळखीचं वाटलं की माणूस समजतो, आलं. मिटल्यावर काय उरतं तेवढंच खरं आपलं."

मुलगी आतून म्हणाली, "आई, टेल हिम टू मेक कार्ड्स. अँड शफल."

ताईंनी समजावलं. कार्डाच्या एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. पिसायची, आणि येईल त्याचं उत्तर सांगायचं. झुरळानंतर उंदीर, उंदरानंतर विषबाधा, मग परत झुरळ. जो चुकला तो उद्या परत, जो आला तो चार दिवसांनी, मग आठवड्याने. मी विचारलं, आलेला परत कशाला?

"तुम्ही माझ्याकडे परत कधी येणार?"

"पंधरा दिवसांनी."

"का? आज मारताय ना?"

"आज हिंडणारी मरतात. डबीतली राहतात. ती बाहेर आल्यावर..."

"विसरणंही असंच," त्या म्हणाल्या. "ते थोडं बाहेर यायला लागलं की परत जायचं. रोज रोज फवारून काय उपयोग?"

मी हे खूप दिवस मनात घोळवलं. माझ्या कामावरून मला कुणी काही समजावून सांगितलं, असं पहिल्यांदाच झालं. एरवी लोक आम्हाला दार उघडून देतात आणि नाकाला रुमाल लावून बाल्कनीत जातात.

उंदराच्या चिकट फळ्यांचे खोके असतात, त्यांच्या पुठ्ठ्याची मी कार्डं कापली. दोनशेच्या वर झाली. खिशात वीस-पंचवीस ठेवायचो. टाकी भरेपर्यंत चार, लिफ्ट येईपर्यंत दोन. ताईंनी कोऱ्या कागदावर आठवून चित्रं काढायलाही सांगितलं होतं, म्हणून गाडीच्या मागच्या दारावर बसलेल्या धुळीत मी बोटाने डासाचं चक्र काढायचो, अंडं, अळी, कोष, डास, आणि त्यातली एखादी पायरी नेहमी हुकायची. मामा बघायचे. "गाडी धुवायला लावतोस का मास्तर?" सुरुवातीचे दहा दिवस मला वाटलं की मी मागे चाललोय. सुरात म्हणताना एकही चूक होत नव्हती आणि कार्डांवर निम्मी चुकत होती. पण पंधरा दिवसांनी ताईंकडे परत गेलो तेव्हा त्यांनी कुठूनही विचारलं आणि मी सांगितलं. त्यांनी मला चहा दिला, कपबशीत, बसायला खुर्ची ओढून. मुलगी म्हणाली, "नाइस, अंकल." एवढ्यावर मी दोन दिवस हवेत होतो.

"आणि तुमचे ते मामा?" ताईंनी त्याच चहाच्या वेळी विचारलं होतं; परीक्षेला आम्ही दोघं बसतोय हे मी त्यांना सांगितलं होतं.

"ते पाढ्यासारखं म्हणतात. त्यांना छान येतं."

"मधून विचारता का त्यांना?"

मी हो म्हणालो.

मी विचारलं नव्हतं. एकदाच विचारलं होतं. गाडी जॅममध्ये उभी होती, मामा माशीवर होते, मी म्हणालो, "मामा, उंदीर किती दिवसांत पिल्लं देतो?" त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. ओठ हलायला लागले, झुरळापासून. कपाळावर आठ्या आल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मधीच कशाला टोकतोस? तिथवर येतोय की मी." आवाज रागाचा नव्हता. पडलेला होता. माझ्या बापाच्या वयाचा माणूस, आणि मी त्याला अडवून त्याचं न येणारं उघड करत होतो. मला स्वतःचीच लाज वाटली. मी "चुकलं मामा" म्हणालो आणि "माशीची अंडी, शेणात-कचऱ्यात" असा सूर परत धरून दिला. त्यांचा चेहरा सुटला. तेव्हापासून मी नाही टोकलं.

आमच्याकडे मोठ्या माणसाची परीक्षा घेत नाहीत. तो सांगतो, आपण ऐकतो. चुकलं तरी मान हलवतो. याला मी आयुष्यभर चांगलं वळण समजत आलो आहे.

मी माझ्याच मनाची समजूत घालत होतो. तोंडी परीक्षा आहे, तोंडीच तर म्हणतायत. हिंदीत आहे, हिंदी त्यांना येते. वीस-बावीस वर्षं हेच काम केलेला माणूस आहे. आणि तो सकाळचा दीड तास मामांना इतका आवडायला लागला होता. घरी फोनवर मामींना माशीचा पाढा म्हणून दाखवला होता. मामी म्हणाल्या म्हणे, "म्हातारपनी शाळंत घातलं व्हय तुमास्नी?" हे त्यांनी मला तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा हसत. त्यात मी कुठे कार्डं काढू?

परीक्षेच्या दिवशी कंपनीची छोटी बस आम्हा अकरा जणांना अबुधाबीला घेऊन गेली. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि केसांना तेल लावलं होतं. बसमध्ये त्यांनी दोनदा सगळं म्हटलं, रस्ता मोकळा असल्याने विषबाधेपर्यंत. न अडखळता. "झालं की रे," म्हणाले. "आता काय बी होऊ दे."

आमचा लेखी पेपर आधी झाला. पर्यायांवर खुणा करायच्या होत्या. प्रश्न कसेही उलटेसुलटे आले होते. तरी उत्तरं येत होती, आणि एकेक आलं की मला पुठ्ठ्याचा तो तुकडाच डोळ्यांपुढे दिसत होता. बाहेर आलो तर तोंडीवाले चौघे बाकावर बसलेले. मामांना आत बोलावलं तेव्हा मी त्या बाकावर, दाराशी. काचेची खोली होती, दार अर्धवट लोटलेलं.

परीक्षक तिशीचा असेल. चांगला माणूस वाटला. "चाचाजी, आराम से," असं म्हणाला. पहिलाच प्रश्न झुरळाच्या डबीचा होता. मामांनी सुरू केलं आणि थांबेचनात, झुरळ संपवून मुंगीत शिरले. परीक्षक हसून "बस, बस, बहुत बढ़िया" म्हणाला. मला इतकं हलकं वाटलं की मी भिंतीला डोकं टेकलं.

मग त्याने उंदराचं विचारलं. चूहा कितने दिन में बच्चे देता है.

आतून काही ऐकू येईना. मी वाकून बघितलं. मामांचा हात मांडीवर होता आणि अंगठा करंगळीच्या पेरापासून वर चालला होता. झुरळ, मुंगी, माशी. ओठ हलत होते. परीक्षक थांबला, बराच थांबला. मग म्हणाला, "कोई बात नहीं, आगे चलते हैं." दुसरं विचारलं की अंगठा परत करंगळीवर. वाळवीचं विचारलं, परत करंगळीवर. प्रत्येक वेळी ते वाटेत होते आणि प्रत्येक वेळी त्यांना कुणीतरी परत गेटवर आणून सोडत होतं.

शेवटचा प्रश्न मला स्पष्ट ऐकू आला. फवारताना माणसाला विष चढलं तर त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या कशा होतात?

सहा वर्षांपूर्वी, मी नवीन असताना, एका गोदामात माझी पाठीवरची टाकी गळत होती आणि मला कळलं नव्हतं. त्या वेळी औषधं आजच्यापेक्षा जहाल होती. मला घाम फुटला, तोंडातून लाळ यायला लागली, मला वाटलं ऊन लागलंय. मामांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, डोळ्यांत बघितलं, आणि माझा शर्ट फाडून काढला. नळाखाली बसवून साबणाने घासलं, गाडीत घातलं, दवाखान्यात नेलं. माझ्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, हे डॉक्टरने सांगायच्या आधी मामांनी सांगितलं होतं. मी आज हे लिहितोय ते त्यामुळे.

आणि आता तेच मामा काचेच्या आत करंगळीच्या पेरावर अंगठा ठेवून झुरळापासून निघाले होते, नवव्या धड्याकडे.

वाटेत त्यांनी मान वर केली आणि काचेतून माझ्याकडे बघितलं. गाडीत सूर तुटला की बघायचे तसं, पुढची ओळ मी द्यावी म्हणून. मी माझ्या बुटांकडे बघायला लागलो.

परतीच्या बसमध्ये बाकीचे आपापली उत्तरं पडताळून बघत होते. मामा खिडकीशी होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "उंदीर मला ठाऊक हुता रे. उंदरापातूर जायला टाइम लागला."

"हो मामा."

"तो पोरगा चांगला हुता. घाई करत न्हवता."

आठवड्याने स्टोअरच्या दाराशी यादी लागली. अकरापैकी आठ पास. माझं नाव वरून दुसरं. मामांचं नव्हतं. फोरमन ओशाळून म्हणाला, "मामा, तीन महीने बाद फिर दे सकते हो, इन्शाल्ला." मामांनी मान हलवली. महिने दोघांनाही मोजता येत होते.

त्या दुपारी एका पाकिस्तानी सोबत्याने मिठाईचा डबा फिरवला, पास झालेल्यांचा म्हणून. मामांनी एक तुकडा उचलला, अर्धा माझ्या तोंडात घातला. "एकाचं तरी झालं," म्हणाले.

तिसऱ्या खेपेला ताईंच्या घरी गेलो तेव्हा एकटाच होतो. एकही झुरळ सापडलं नाही. ताईंनी दारातच विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, पास झालो, तुमच्यामुळे. त्यांना मनापासून आनंद झाला. मुलगी बाहेर येऊन म्हणाली, "काँग्रॅट्स, अंकल."

"आणि मामा?"

"तेही झाले."

का म्हणालो ते मला अजून सांगता येत नाही. खरं सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मधून विचारत होतात ना? त्या घरात मला खुर्ची मिळाली होती, कपबशीत चहा मिळाला होता. ते सोडवेना.

यादी लागल्यापासून मामांना पंपाला हात लावायचा नव्हता, म्हणून कंपनीने त्यांना टाक्या धुवायला बसवलं. पण आमचा भाग त्यांच्याइतका कुणाला माहीत नव्हता, तेव्हा शेवटच्या तीन आठवड्यांत फोरमनने माझ्याकडे बोट करून त्यांना सांगितलं, जाण्याआधी याला सगळं दाखवून जा. माझं गाडीचं लायसन्स नुकतंच झालं होतं. मी स्टिअरिंगवर, मामा शेजारी. त्यांच्या हातात पुस्तक नव्हतं. ते तोंडानेच सांगत गेले, कुठल्या इमारतीच्या कुठल्या शाफ्टमधून झुरळं चढतात, कुठल्या कॅम्पच्या कितव्या खोलीत ढेकूण दर उन्हाळ्यात परत येतात, कुठल्या गोदामाच्या मागच्या भिंतीत उंदरांची वाट आहे आणि ती सिमेंटने तीनदा बुजवूनही चौथ्यांदा कशी उघडली. रस्त्याने जाऊ तशा क्रमाने सांगत होते. शंभरावर जागा असतील. मी पहिल्या दिवशी नुसता ऐकत गेलो. दुसऱ्या दिवशी मला भीती वाटली, की यातलं निम्मंसुद्धा माझ्यापाशी राहणार नाही आणि विचारायला मामा नसतील.

तिसऱ्या दिवशी एका सिग्नलला मी त्यांना मधेच थांबवलं.

"मामा, त्या निळ्या गोदामाची उंदरांची वाट कुठून आहे?"

"कंप्रेसरच्या मागनं." विचारही केला नाही.

"आणि नर्सांच्या बिल्डिंगमध्ये झुरळं कुठल्या मजल्यावरून सुरू होतात?"

"तिसऱ्या. तिथं कचऱ्याचं दार नीट लागत न्हाई."

"तो जुना कॅम्प, ढेकणांचा."

"खोली चौदा. पन खाटंत न्हाई, दाराच्या चौकटीत बघ."

मी मागची विचारली, पुढची विचारली, कालची, परवाची. एकही चुकलं नाही. अंगठा करंगळीकडे गेला नाही. उत्तरं प्रश्न संपायच्या आत येत होती, आणि त्यांच्या आवाजात परीक्षेनंतर पहिल्यांदाच जरा जोर आला होता. सिग्नल अजून लालच होता. मामा समोरच्या गाडीच्या नंबरप्लेटकडे बघत होते.

"ह्ये असं आधी इचारायचंस की रे," ते म्हणाले.

सिग्नल हिरवा झाला होता आणि मागचा हॉर्न वाजवत होता. "यल्ला, चल," मामा म्हणाले, "त्याला घाई हाय," आणि पुढच्या इमारतीचं सांगायला लागले.